भीती, घाई आणि लपवाछपवी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा मंडळाच्या कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. मी लेखक नव्हे, गेली वीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसणारा एक कारकून आहे. परंतु त्या जागेवरून माणसांच्या अडचणी फार जवळून दिसतात. घरातील, नोकरीतील आणि अलीकडे मोबाईलवरील अडचणी वरवर निरनिराळ्या वाटतात. त्या वाढतात मात्र तीनच गोष्टींमुळे: भीती, घाई आणि लपवाछपवी. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात बँकेत खाते उघडणारी पहिली पिढी आजही हयात आहे. त्या खात्यातील शिल्लक ही आयुष्यभराच्या काबाडकष्टाची कमाई असते. ती गेली तर मागे आधाराला दुसरे काही नसते. म्हणून हा विषय निवडला.

घरी

पतीच्या निधनानंतर पासबुक घेऊन बँकेत आलेली भगिनी मी अनेकदा पाहिली आहे. मुदत ठेव किती, कुठल्या शाखेत, यातले तिला काहीच ठाऊक नसते. खात्याला वारसनोंद, म्हणजे नॉमिनेशन, केलेले नसते. मग मृत्यूचा दाखला, वारसांची संमतिपत्रे आणि प्रसंगी न्यायालयाचा वारस दाखला, अशा फेऱ्या सुरू होतात. मरणाचा विषय घरात काढणे अभद्र वाटते, म्हणून जिवंतपणी हे बोललेच जात नाही. त्याचा भुर्दंड मागे राहिलेल्यांना बसतो.

नॉमिनेशनचा फॉर्म भरायला पाच मिनिटे लागतात व त्याला पैसे पडत नाहीत. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नॉमिनी हा पैशाचा मालक होत नाही. बँकेकडून रक्कम स्वीकारण्याचा अधिकार त्याला मिळतो. कायदेशीर वारसांचा हक्क त्यामुळे संपत नाही. भावाभावांतील पुष्कळशी भांडणे हा फरक न समजल्यामुळे होतात. तेव्हा घरात एक वही ठेवावी. तीत खाती, विमा, कर्ज आणि कोणाला दिलेले उसने पैसे लिहावेत, आणि ती वही कुठे आहे हे पती-पत्नी दोघांना ठाऊक असावे.

कामाच्या ठिकाणी

आता स्वतःचीच गोष्ट सांगतो. २०११ साली एका सहकाऱ्याने पतसंस्थेचे कर्ज काढले व जामीनदार म्हणून माझ्यापुढे कागद ठेवला. 'फक्त सही हवी आहे,' एवढेच तो म्हणाला. दुपारच्या गर्दीत मी कागद न वाचता सही केली. पुढे त्याने नोकरी सोडली, हप्ते थांबले, आणि आम्हा दोन जामीनदारांच्या पगारातून वसुली सुरू झाली. माझ्या वाट्याला दरमहा ३,००० रुपये, पूर्ण दोन वर्षे. मी बँकेतला माणूस, कायदा मला माहीत असायला हवा होता! भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असे त्याला सहसा म्हणता येत नाही.

परंतु पैशापेक्षा मोठी चूक दुसरीच होती. चार महिने मी ही गोष्ट पत्नीपासून लपवली. घरखर्चात कमी पडू लागले, तशी मी हातउसने घेऊ लागलो. पगाराची पावती तिच्या हाती लागली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आधी सांगितले असते तर उसने तरी घ्यावे लागले नसते." त्या रात्री आम्ही जमाखर्च मांडला आणि मार्ग निघाला. तेव्हापासून कोणी सहीला कागद पुढे केला की मी म्हणतो, "घरी नेऊन वाचतो, उद्या सांगतो." खरा मित्र एक दिवस थांबतो.

मोबाईलवर

मोबाईलवरील फसवणुकीचे प्रकार रोज नवे असतात, पण त्यांतही घाई आणि भीती तीच. 'आज रात्री वीज तोडणार', 'खाते बंद होणार', 'तुमच्या नावाने पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले', असे सांगून माणसाला विचार करायला वेळच देत नाहीत. काही ठग पोलिसांचा गणवेश घालून व्हिडिओ कॉल करतात आणि 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगतात. आपल्या कायद्यात अशी अटक नाही. तसेच यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार, हे घरातील वडीलधाऱ्यांना दाखवून समजवावे.

एवढे करूनही पैसे गेले तर? लाजू नये, थांबू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, बँकेला कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भराभर सरकवले जातात. ते वाटेत अडवता आले तरच हाती लागण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानेही ग्राहकाची जबाबदारी त्याने किती दिवसांत कळवले यावर ठरवली होती. 'मुले काय म्हणतील' या विचारात दोन दिवस घालवणारे वडील चोराचेच काम सोपे करतात. आणि मुलांनीही आधी तक्रार नोंदवावी, बोलणी नंतर. मी तर म्हणतो, बोलूच नये.

विद्यार्थ्यांना एक विशेष विनंती. 'तुझे खाते वापरू दे, कमिशन देतो,' असे कोणी म्हटले तर साफ नकार द्यावा. त्या खात्यात बहुधा कोणाच्या तरी लुबाडलेल्या पैशाची उलाढाल होते. खाते गोठवले जाते, त्यात आलेली शिष्यवृत्ती अडकते आणि चौकशीत नाव खातेदाराचे येते. ज्याने कमिशन देऊ केले, तो तोवर फोन बंद करून बसलेला असतो.

असो. अडचणी कोणाला चुकलेल्या नाहीत. घाई करणाऱ्याला थांबवावे, भीती वाटली तर दुसऱ्या माणसाला विचारावे आणि चूक झालीच तर त्याच दिवशी घरी सांगावे, एवढेच माझे सांगणे. ही स्मरणिका घरी नेल्यावर आधी पासबुक उघडावे आणि नॉमिनीची नोंद आहे की नाही ते पाहावे. नसेल तर बँकेत यावे. फॉर्म भरायला आम्ही मदत करू.