छापलेली संख्या आणि साठवलेली संख्या

गुणपत्रक तयार करणारा एक छोटा प्रोग्रॅम सी भाषेत लिहिला आहे, अशी कल्पना करा. एका विद्यार्थ्याला ६०० पैकी २०९ गुण मिळाले. पडद्यावर उमटले, 'टक्के ३५, नापास'. उत्तीर्ण होण्याची मर्यादा तर ३५ टक्केच आहे! मग संगणक चुकला काय?

नाही. २०९ ला ६ ने भागले की ३४.८३३३... येतात. स्मृतीत हीच संख्या आहे आणि ३५ शी तुलनाही तिचीच झाली. छापताना मात्र 'दशांशस्थळे नकोत' असे सांगितल्यामुळे ती जवळच्या पूर्णांकाच्या रूपात दिसली. दिसणे बदलले, संख्या बदलली नाही.

डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडवलेल्या सी भाषेत छापण्याचे काम 'प्रिंटएफ' हे फलन करते. शेवटचा 'एफ' म्हणजे फॉरमॅट, अर्थात साचा. साच्यात % या चिन्हापुढील अक्षर संख्या कशी दाखवायची ते सांगते. (येथे अक्षरे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती लहान रोमन लिपीत टंकावीत.) पूर्णांकासाठी %डी आणि दशांश अपूर्णांकासाठी %एफ. %.२एफ लिहिल्यास दोन दशांशस्थळे मिळतात. %६डी लिहिल्यास संख्या किमान सहा घरांत उजवीकडे सरकून बसते, त्यामुळे गुणांचे रकाने सरळ येतात.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. ६५ ही एकच संख्या चार साच्यांतून छापा. %डी ने ६५, %ओ ने अष्टमान पद्धतीत १०१, %एक्स ने षोडशमान पद्धतीत ४१ आणि %सी ने इंग्रजीतील पहिले मोठे अक्षर 'ए' उमटेल. स्मृतीतील बिटे तीच, वाचण्याची रीत वेगळी. मात्र पूर्णांकाला %एफ लावले तर काय छापले जाईल, याची कोणतीही हमी ही भाषा देत नाही.

माहिती आत घेणारे फलन म्हणजे 'स्कॅनएफ'. त्याला चलाची किंमत नव्हे, तर स्मृतीतील पत्ता द्यावा लागतो. म्हणून चलाच्या नावाआधी & हे चिन्ह येते. पत्ताच नसेल तर पोस्टमन पत्र कोठे टाकणार?

आता %डी सांगून कोणी ४०.५ टंकले तर? स्कॅनएफ ४० घेते आणि टिंबापाशी थांबते. '.५' तसेच रांगेत उरते. पुढच्या विषयाचे गुण वाचताना तेच टिंब आडवे येते, काहीच वाचले जात नाही आणि त्या चलात जुनीच किंमत राहते. पडद्यावर कोणतीही तक्रार उमटत नाही. पण किती किमती वाचल्या हा आकडा स्कॅनएफ परत देते. येथे तो ० असेल. तो तपासण्याची सवय विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून लावावी.

आणि आपल्या त्या विद्यार्थ्याचे काय? टक्केवारी पूर्णांकात घ्यायची की नाही, हा निर्णय परीक्षेच्या नियमाचा आहे, साच्याचा नव्हे. नियम आधी ठरवा, त्यानुसार संख्याच बदला, मग तुलना करा आणि तीच संख्या छापा. म्हणजे गुणपत्रक आणि निकाल यांत विसंगती राहणार नाही.