सूट स्वस्त, सोय महाग

दिल्लीतील एका महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या अंतर्गत परीक्षेवर पर्यवेक्षक म्हणून काम करत असताना प्रश्नपत्रिकेतील एका ओळीने माझे लक्ष वेधले. चौथ्या प्रश्नाखाली छापले होते की, पुढील प्रश्न केवळ दृष्टिहीन परीक्षार्थींसाठी, वरील प्रश्नाऐवजी. वरचा प्रश्न असा होता : मागणी व पुरवठ्याच्या वक्रांची आकृती काढून कराचा भार ग्राहकावर किती आणि विक्रेत्यावर किती पडतो ते दाखवा. त्याऐवजी दृष्टिहीन विद्यार्थ्याने करांचे प्रकार सांगायचे होते. गुण दोन्हींना सारखेच. वर्गातील एकमेव दृष्टिहीन विद्यार्थिनीने लेखनिकाला उत्तरे सांगितली आणि वाढीव वेळेला हातही न लावता ती उठली. पेपर सोपा गेला का, असे मी विचारले. ‘सर, कराचा भार मला येत होता,’ ती म्हणाली. ‘तो मला कोणी विचारलाच नाही.’

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रश्नपत्रिका पाहिलेल्यांना ही ओळ परिचित असेल. नकाशावर ठिकाण दाखवण्याऐवजी ठिकाणाचे नाव सांगायचे, आकृतीऐवजी व्याख्या लिहायची. हेतू चांगलाच असतो. पण त्या ओळीत आपल्या शिक्षणव्यवस्थेची एक सवय दडलेली आहे. विद्यार्थ्याला विषयापर्यंत पोहोचवण्यापेक्षा त्याला विषयातून मोकळे करणे तिला सोपे वाटते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या सतराव्या कलमात अभ्यासक्रम व परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करण्याचे बंधन शासनावर घातले आहे आणि उदाहरणादाखल तीन गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत : वाढीव वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट. पहिल्या दोन गोष्टींनी विद्यार्थी विषयापाशी जातो. तिसरीने विषयच दूर होतो. संस्थांना तिसरी अधिक प्रिय का, हे कार्यालयात बसून पाहिले की कळते. लेखनिक शोधावा लागतो. वाढीव वेळेसाठी वेगळी खोली आणि थांबायला तयार असलेला पर्यवेक्षक लागतो. गणिताचे पुस्तक ब्रेलमध्ये किंवा संगणकाला वाचता येईल अशा रूपात आणायला महिने जातात. सूट देण्यासाठी एक सही पुरते.

या सहीची किंमत विद्यार्थी पुढे मोजतो. केंद्रीय मंडळाच्या नियमांनुसार दिव्यांग विद्यार्थ्याला दहावीला दोन भाषांऐवजी एकच भाषा आणि उरलेल्या चार विषयांत गणित वा विज्ञान सोडून संगीत, चित्रकला, गृहविज्ञान यांसारखे विषय घेता येतात. पंधराव्या वर्षी घरच्यांना आणि शिक्षकांनाही हा सुटकेचा निःश्वास वाटतो. दोन-तीन वर्षांनी तीच मुलगी दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स अभ्यासक्रमाचा अर्ज भरू पाहते, तेव्हा तिथे प्रवेशपरीक्षेत गणित अनिवार्य असते. तिला कोणी नाकारत नाही. तिचा अर्जच पुढे सरकत नाही. कायद्याच्या ३२ व्या कलमाने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव ठेवल्या आहेत, पण आरक्षण पात्र उमेदवारांत चालते, आणि पात्रतेचा निकाल दहावीलाच लागलेला असतो. देशातील उच्च शिक्षणात २०२१-२२ मध्ये सुमारे ४.३३ कोटी विद्यार्थी होते. त्यांत दिव्यांग विद्यार्थी ९० हजारांच्याही आत होते. इतक्या थोड्यांतही बहुतेकांची गर्दी राज्यशास्त्र, इतिहास, हिंदी आणि साध्या बी.ए.च्या वर्गांत दिसते. ही त्यांची आवड असेल, तर उत्तमच. मला शंका आहे.

दिल्लीतच याला उलटे उत्तर देणारा एक विद्यार्थी होऊन गेला. कार्तिक साहनी हा जन्मतः दृष्टिहीन मुलगा. दहावीनंतर त्याला विज्ञान शाखा हवी होती आणि ती मिळवण्यासाठी मंडळाकडे पुनःपुन्हा अर्ज करावे लागले. २०१३ साली तो बारावी विज्ञान शाखेत ९६ टक्के गुणांनी उत्तीर्ण झाला. आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेसाठी त्याने मागितलेली सोय मिळाली नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्तीसह संगणकशास्त्रासाठी बोलावले. या कथेचे आपल्याकडे कौतुक खूप झाले, आणि त्या कौतुकातच ती संपली. असामान्य मुलाने दार फोडले, याचा अर्थ दार उघडे होते असा आपण लावून घेतो.

तंत्रज्ञान नाही, ही सबबही आता टिकत नाही. आयआयटी दिल्लीतील प्रा. एम. बालकृष्णन यांच्या गटाने अंधांसाठी ‘स्मार्टकेन’ ही काठी तयार केली आणि बोटांनी वाचता येतील अशा उठावाच्या आकृत्याही. मागणी व पुरवठ्याचे वक्र उठावात छापणे अशक्य नाही. दिल्ली विद्यापीठाच्या उत्तर परिसरातून मेट्रोची पिवळी मार्गिका धरली की हौज खास स्थानकावर उतरून आयआयटीला जाता येते. अंतर एवढेच आहे.

मी सुटीच्या विरोधात आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीला बीजगणित व भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित घेता येते. ही तरतूद नसती, तर कित्येक मुलांची शाळा तिथेच सुटली असती. जन्मतः कर्णबधिर असलेल्या मुलावर तीन बोली भाषांचे ओझे लादण्यातही शहाणपण नाही. प्रश्न आहे तो बदली काय देतो याचा. कर्णबधिर विद्यार्थ्याला भाषेऐवजी चित्रकला देणे ही पळवाट झाली. भारतीय सांकेतिक भाषा देणे ही खरी बदली, कारण भाषा शिकण्याचा उद्देश त्यात शाबूत राहतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत २०२१ पासून सांकेतिक भाषा हा एक भाषाविषय आहे. विद्यापीठाच्या उंबरठ्यावर मात्र गाडी अडते. दिल्ली विद्यापीठाच्या २०२२ च्या चार वर्षांच्या, १७६ श्रेयांकांच्या आराखड्यात भारतीय भाषेचा अभ्यास आहे, आणि भाषांची यादी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीवरून ठरते. सांकेतिक भाषा त्या अनुसूचीत नाही.

मग ठरवायचे कोणी आणि कसे? अमेरिकेतील बॉस्टन विद्यापीठाने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परकीय भाषेऐवजी दुसरा विषय घेऊ देणे बंद केले, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. १९९७ च्या निकालात न्यायाधीशांनी पर्यायी विषय द्याच, असे म्हटले नाही. परकीय भाषा त्या पदवीसाठी अत्यावश्यक आहे का, याचा प्राध्यापकांनी एकत्र बसून, कारणे नोंदवून विचार करावा, असे सांगितले. प्राध्यापकांनी तसा विचार केला आणि ती अत्यावश्यक आहे असे ठरवले. न्यायालयाने तेही मान्य केले. विद्यार्थी त्या मुद्द्यावर हरले. तरीही हा निकाल मला मोलाचा वाटतो, कारण विद्यापीठाला आपली पदवी कशासाठी आहे हे लिहून काढावे लागले.

आपले सर्वोच्च न्यायालयही याच दिशेने निघाले आहे. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या विकास कुमार या नागरी सेवा परीक्षेच्या उमेदवाराला लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही, असे न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये म्हटले आणि वाजवी सोय त्या व्यक्तीशी बोलून ठरवायची असते, हेही स्पष्ट केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातील ओमकार गोंड या विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात टक्केवारीवरून अपात्र ठरवण्याऐवजी विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का ते तपासा, असा दंडक घातला. पण हे तपासायचे तर अभ्यासक्रमात अपरिहार्य काय आहे हे आधी माहीत हवे. आमच्या विभागांनी ते कधी लिहिलेले नाही. अर्थशास्त्रात वक्र हाताने काढता येणे अपरिहार्य आहे, की वक्र सरकला म्हणजे किमतीचे काय होते हे समजणे? मला दुसरे वाटते. सहकाऱ्यांपैकी काहींना पहिले वाटते, आणि त्यांच्याशी वाद घालायला मला आवडेल. तो वाद विभागाच्या बैठकीत व्हायला हवा आणि त्याचे इतिवृत्त विद्यार्थ्याला मागता यायला हवे. समान संधी कक्षातील एकट्या कर्मचाऱ्याने हे ठरवावे, ही अपेक्षा त्याच्यावरही अन्याय करणारी आहे.

या सत्रात तीच प्रश्नपत्रिका काढण्याची पाळी माझ्यावर आली. कराच्या भाराचा प्रश्न मी सर्वांसाठी ठेवला आणि उठावाची आकृती सोबत जोडावी, अशी टीप लिहिली. दुसऱ्या दिवशी नमुना अर्ज परत आला. त्यात पर्यायी प्रश्नासाठी चौकट होती, ती भरून पाठवा, असा शेरा होता. आकृतीसाठी चौकट नव्हती.