डेथ मेटल मैफलीला जाण्यापूर्वी

● उगम : १९८०च्या दशकाच्या मध्यात, अमेरिकेत. कॅलिफोर्नियातल्या ‘पझेस्ड’चा ‘सेव्हन चर्चेस’ (१९८५) आणि फ्लोरिडातल्या ‘डेथ’चा ‘स्क्रीम ब्लडी गोर’ (१९८७) हे सुरुवातीचे महत्त्वाचे अल्बम. पुढे टँपाचा मॉरिसाउंड स्टुडिओ या संगीताचं माहेरघर ठरला.

● गळा : गुरगुरता ‘ग्राउल’ मुख्यतः स्वरतंतूंच्या वरच्या घड्या कंप पावल्याने उमटतो. तो रियाजाने साधतो. नुसतं ओरडलं तर घसा बसतो.

● ताल : ‘ब्लास्ट बीट’, म्हणजे स्नेअर, बेस ड्रम आणि झांजेवर अतिवेगवान, सलग आघात.

● मॉश पिट : मंचासमोरचं धडकाधडकीचं रिंगण. कुणी पडलं, तर आधी त्याला उचलायचं, हा अलिखित नियम. धक्के नको असतील, तर कडेला उभं राहावं.

● मुंबईत : २००० साली सुरू झालेल्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ने विष्णूच्या अवतारांवर ‘दशावतार’ (२०१७) हा अल्बम केला.

● कान : अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या संस्थेच्या निकषानुसार १०० डेसिबलला सुरक्षित मर्यादा फक्त १५ मिनिटं. इअरप्लग न विसरता न्या.