कुलपावरच कोरलेली किल्ली
(लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण वाय-फाय राउटरचा पासवर्ड पाहिला. त्याच राउटरला जोडलेलं, पण कुणाच्याच हिशेबात नसलेलं एक यंत्र आज बघू: प्रिंटर-स्कॅनर. सीएचं ऑफिस असो, पतसंस्था असो की सोसायटीचं कार्यालय. आधार, पॅन, बँकेची स्टेटमेंट, भाडेकरार, सगळं याच काचेवरून जातं. संगणकासाठी दरवर्षी न चुकता अँटिव्हायरस घेणारे आपण या यंत्राला मात्र टेबल-खुर्चीत मोजतो.

खरं तर तो एक पूर्ण संगणक आहे. त्याला प्रोसेसर आहे, मेमरी आहे, स्वतःचं सॉफ्टवेअर आहे. नेटवर्कवरच्या प्रिंटरचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकून पाहा. एक साधं पान उघडतं: शाई किंवा टोनर किती उरला, आजवर किती पानं छापली, आणि एका कोपऱ्यात पासवर्डची चौकट. ती चौकट ज्याला उघडता येते, त्याच्या हाती सगळ्या सेटिंग्ज येतात. स्कॅन केलेला कागद कुठे पाठवायचा, हेही त्यातच ठरतं.

२५ जून २०२५ रोजी रॅपिड सेव्हन या सायबर सुरक्षा कंपनीने अशा यंत्रांमधले आठ दोष जाहीर केले. यादीत एकूण ७४८ मॉडेल्स होती. त्यांतली ६८९ एकट्या ब्रदरची, उरलेली फुजीफिल्म, रिको, तोशिबा आणि कोनिका मिनोल्टाची. प्रत्येक मॉडेलमध्ये आठही दोष नव्हते, पण त्यांतले तीन एकत्र आले की काय घडतं, ते समजून घ्यायला हवं.

ब्रदरने प्रत्येक यंत्राला कारखान्यातच वेगळा पासवर्ड दिला होता. सगळ्यांना एकच पासवर्ड देण्यापेक्षा हे नक्कीच बरं. पण तो पासवर्ड यंत्राच्या सीरियल नंबरवरून, एका ठरलेल्या गणिताने तयार होत होता. संशोधकांनी ते गणित शोधून काढलं. कुलपावर कोरलेला नंबर वाचून किल्ली घडवता यावी, तसंच हे.

मग नंबर कळणार कसा? तो दुसऱ्या दोषामुळे कळत होता. नेटवर्कवरून विचारणाऱ्या कुणालाही, पासवर्ड न मागता, यंत्र आपला सीरियल नंबर सांगत होतं.

तिसरा दोषही घातक. स्कॅन थेट सर्व्हरवर जावा म्हणून आपण त्या सर्व्हरचं युजरनेम आणि पासवर्ड प्रिंटरमध्ये भरून ठेवतो. आत शिरलेला माणूस सर्व्हरचा पत्ता बदलून तिथे स्वतःच्या संगणकाचा पत्ता घालतो. पुढच्या जोडणीला प्रिंटर तो जपलेला पासवर्ड सरळ त्याच्या हवाली करतो. चोर प्रिंटरमधून शिरला, पण कपाट उघडलं सर्व्हरचं.

आठपैकी सात दोष यंत्रातल्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे फर्मवेअरच्या, अपडेटने दुरुस्त होतात. पासवर्डचा दोष मात्र अपडेटने पूर्ण जात नाही, कारण तो कारखान्यातच यंत्रात बसला आहे. ब्रदरने नव्या यंत्रांसाठी उत्पादनाची पद्धत बदलली. आधी विकलेल्या यंत्रांचा पासवर्ड ज्याने-त्यानेच बदलायचा आहे.

तेव्हा चार कामं करा. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती छापून घ्या, त्यातला आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाका आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड बदला. बऱ्याच ब्रदर यंत्रांच्या मागच्या लेबलवर ‘पीडब्ल्यूडी’ या अक्षरांपुढे मूळ पासवर्ड छापलेला असतो. तोच चालू असेल, तर समजा की किल्ली दारालाच लटकते आहे. दुसरं, कंपनीच्या साइटवरून फर्मवेअर अपडेट करा. तिसरं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वेगळं वाय-फाय द्या आणि प्रिंटर बाहेरच्या इंटरनेटवरून दिसणार नाही, याची राउटरवर खात्री करा. चौथं, स्कॅनसाठी मालकाचं खातं वापरू नका. फक्त त्या एका फोल्डरपुरतं चालणारं वेगळं खातं काढा.

जुनं कॉपियर विकताना त्यातल्या हार्ड डिस्कचं काय करायचं, ते पुढच्या आठवड्यात पाहू. तोवर थांबू नका. उद्या ऑफिसात गेल्यावर, सकाळचा चहा यायच्या आत, निदान पासवर्ड तरी बदलून टाका.