पूर्वरचित विद्युत्कक्ष आणि जागेवर बांधलेली इमारत : उष्णतेच्या दृष्टीने तुलना

कारखाना, खाण किंवा सौरविद्युत्केंद्र उभारताना मध्यम दाबाचे स्विचगिअर, नियंत्रणफलक आणि बॅटऱ्या ठेवण्यासाठी एक बंदिस्त जागा लागते. ही जागा विटा व काँक्रीट यांची तेथेच बांधावी, की पोलादी सांगाड्याचा कक्ष कारखान्यात उपकरणांसह तयार करून जागेवर आणून ठेवावा, हा प्रश्न अभियंत्यापुढे वारंवार येतो. त्याचा निर्णय बहुधा खर्च आणि मुदत या दोन निकषांवर होतो. शीतन बंद पडल्यास किती वेळ हाताशी राहतो, हा तिसरा निकष तितकाच महत्त्वाचा असूनही मागे राहतो. प्रस्तुत लेखाचा हेतू त्याची चर्चा करणे हा आहे.

प्रथम पूर्वरचित कक्षाचे गुण पाहू. जागेवर पाया घातला जात असतानाच कारखान्यात कक्ष तयार होतो. त्यामुळे कामे एकामागून एक न होता समांतर चालतात. कोकणासारख्या प्रदेशात जून ते सप्टेंबर या काळात बांधकाम जवळजवळ थांबते, तेथे हा लाभ विशेष जाणवतो. फलकांमधील तारांची जोडणी व संरक्षक रिलेंची तपासणी कारखान्यातच पुरी होते. धूळ आणि ओल यांमध्ये ती करावी लागत नाही. शिवाय कक्ष खांबांवर दीड-दोन मीटर उंच बसविता येतो. त्यायोगे खालून केबली घेणे सोपे जाते आणि पुराच्या पाण्यापासूनही रक्षण होते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे ध्यानात घेता या उंचीचे मोल सहज कळून येईल.

आता मर्यादांकडे वळू. कक्षाची रुंदी व उंची उपकरणांच्या गरजेपेक्षा रस्त्यावरील वाहतुकीच्या नियमांनी ठरते. परिणामी फलकांपुढील मोकळी जागा बेताची राहते आणि पुढे एखादा फलक वाढवावयाचा झाल्यास अडचण येते. इमारतीत चार फलकांची जागा मोकळी सोडणे स्वस्त असते; पोलादी कक्षात ते महाग पडते.

उष्णतेचा विचार एका उदाहरणाने करू. कक्ष १२ मीटर लांब, ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच आहे आणि उपकरणांतून ६ किलोवॉट उष्णता बाहेर पडते, असे मानू. चार भिंती व छत मिळून क्षेत्रफळ १२६ चौरस मीटर होते. भिंतीत ७५ मिलिमीटर खनिज लोकरीचे आवरण असल्यास दर चौरस मीटरमधून, दर अंश तापमानफरकामागे, सुमारे अर्धा वॉट उष्णता पार होते. म्हणजे सर्व पृष्ठभागांतून दर अंशामागे ६३ वॉट. केवळ भिंतींवाटे ६ किलोवॉट बाहेर जाण्यास आतबाहेर ९५ अंशांचा फरक लागेल! तात्पर्य, सूर्याची उष्णता बाहेर ठेवणारे आवरण उपकरणांची उष्णता आत कोंडते. अशा कक्षात वातानुकूलन ही सोय नसून विद्युत्संरक्षणाचाच एक घटक होय.

ते बंद पडले तर काय होईल? कक्षाचा सांगाडा व उपकरणे मिळून १० टन पोलाद धरल्यास त्याची उष्णताधारकता दर अंशास सुमारे ४.८ मेगाजूल येते. ६ किलोवॉट उष्णतेने तापमान तासाला साडेचार अंशांनी वाढेल. आंतरराष्ट्रीय विद्युत्तंत्र आयोगाच्या ६२२७१-१ या मानकात स्विचगिअरच्या सामान्य वापरासाठी सभोवतालचे कमाल तापमान ४० अंश व चोवीस तासांची सरासरी ३५ अंश मानलेली आहे. २५ अंशांपासून ४० अंशांपर्यंत पोहोचण्यास येथे सुमारे तीन तास पुरतात. विदर्भात मे महिन्यात बाहेरील तापमान ४५ अंशांवर जाते. तेथे ही मुदत आणखी घटते.

याच मापाच्या, २३० मिलिमीटर जाडीच्या विटांच्या भिंती व १५० मिलिमीटरची काँक्रीटची स्लॅब असलेल्या इमारतीत भिंती आणि छत यांची एकूण उष्णताधारकता ४० मेगाजूलांहून अधिक भरते. काही तासांत तिचा आतील अर्धाच भाग उपयोगी पडतो असे मानले, तरी आतील उष्णतेने होणारी वाढ तासाला एक अंशाहून कमी राहते. अर्थात इमारतीचीही बाजू सर्वस्वी निर्दोष नाही. विटेच्या भिंतीतून दर चौरस मीटरमागे जवळजवळ चौपट उष्णता पार होते. म्हणून दीर्घकाळात शीतनाचा वीजखर्च तिच्यात अधिक येऊ शकतो. एकाने वीज वाचते, दुसऱ्याने वेळ मिळतो.

आकारमान लहान असण्याचा आणखी एक परिणाम आहे. स्विचगिअरमध्ये आर्क उद्भवल्यास तितक्याच ऊर्जेने लहान कक्षातील दाब अधिक वाढतो. म्हणून तप्त वायू बाहेर नेणारी नलिका किंवा दाबमोचक झडपा आराखड्यातच योजाव्या लागतात. मनुष्य आत काम करीत असेल, तर त्याचा जीव त्यांवर अवलंबून असतो.

यावरून पूर्वरचित कक्ष त्याज्य ठरत नाही. मुदत तातडीची, जमीन पूरग्रस्त किंवा कुशल कारागीर दुर्मिळ असतील, तेथे तोच श्रेयस्कर होय. मात्र शीतनयंत्रांची एक जादा जोडी, त्यांना स्वतंत्र वीजपुरवठा आणि तापमान वाढताच भार कमी करण्याची व्यवस्था यांचा खर्च तुलनेच्या पहिल्याच तक्त्यात मांडला पाहिजे. इमारतीच्या जड भिंती जे काम न सांगता करीत होत्या, ते पोलादी कक्षात विचारपूर्वक विकत घ्यावे लागते.