दात्यांविना डोंगर चढणारी रेल्वे : पीरभॉय पितापुत्रांचे धाडस

बोरी अरबच्या परिसरात भरलेली बैलगाडी चढावर नेणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला नको. बैलात नुसती ताकद असून भागत नाही, खुराला जमीन धरता आली पाहिजे. चिखलात धट्टाकट्टा बैलही जागीच घसरतो. रेल्वेच्या इंजिनाचेही तसेच आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार पकड घेत नाही. म्हणून उभ्या चढावर दोन रुळांच्या मध्ये दात्यांची लोखंडी पट्टी टाकतात आणि इंजिनाचे दातेरी चाक तिच्यात अडकवतात. उटीची गाडी अशीच चढते. तिथे सुमारे साडेबारा फुटांना एक फूट चढ आहे.

नेरळ-माथेरानच्या गाडीला मात्र दाते नाहीत. आणि ती सरकारने नव्हे, मुंबईच्या एका मुस्लिम व्यापारी घराण्याने बांधली! सर आदमजी पीरभॉय हे मूळचे धोराजीचे दाऊदी बोहरा. लष्कराला तंबू आणि बूट पुरवून त्यांनी मोठी तिजारत उभी केली. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ही रेल्वे अंगावर घेतली, वडिलांनी पैसा घातला. १९०४ साली काम सुरू झाले आणि १९०७ साली गाडी धावली. खर्च सुमारे १६ लाख रुपये, तोही त्या काळचा.

पैसा डोंगरात घालायचा तर हिशेब पक्का हवा. नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटर, माथेरान ८०० मीटर. सरळ गेले तर चढ झेपणार नाही. म्हणून रूळ डोंगराच्या कडेने वळणे घेत सुमारे २० किलोमीटर लांबवला, आणि चढ वीस फुटांना एक फूट एवढाच ठेवला. रुळांतले अंतर दोनच फूट. आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर 'शकुंतले'चेही अडीच फूट होते.

खरा हुनर इंजिनात होता. जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कारखान्याची ही इंजिने कोळसा-पाणी स्वतःच्याच अंगावर वाहत. सहाही चाके ओढणारी, त्यामुळे सगळे वजन पकडीच्या कामी येई. पुढचा-मागचा आस वळणावर थोडा सरकत असे. समजा, इंजिन १० टनांचे आहे. कोरड्या रुळावर वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढी ओढ मिळाली तर ती २ टन. वीसात एक चढावर त्यात इंजिनासह जेमतेम ४० टन चढतील, घर्षण वजा जाता त्याहून कमीच. त्यामुळे डबे हलके आणि मोजके.

पाऊस हा या धंद्याचा खरा शत्रू. ओल्या रुळावर पकड घटते आणि दरडी कोसळतात, म्हणून पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद ठेवावी लागते. २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग उखडला, तो २००७ मध्ये सुरू झाला. २०१९ च्या पावसानंतर पूर्ण मार्गावर गाडी धावायला ऑक्टोबर २०२२ उजाडला.

विजेने मर्यादा पुढे सरकली. ऑस्ट्रियात लिंझ शहराजवळच्या टेकडीवर १८९८ पासून चालणारी ट्राम साडेआठ-नऊ फुटांना एक फूट चढते, तीही दात्यांविना.