हांकेला ओ न देणारें मूल

मूल बोलावयास उशीर लावूं लागलें म्हणजे एकत्र कुटुंबांत तीन मतें हमखास ऐकूं येतात. आजीचें मत असें कीं, मुलाचा बापहि चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आणि आज तोच वकिली करीत आहे. चुलत्यांचें मत असें कीं, मुलगे मुळांतच मुलींपेक्षां मागाहून बोलतात. शेजारच्या काकूंचें मत त्या मुलाच्या आईच्या माघारीं बोलून दाखवितात. तें असें कीं, आईनेंच मुलाच्या हातीं मोबाइल देऊन स्वतःची सुटका करून घेतली. पहिल्या दोन मतांच्या भरंवशावर वर्ष-दीड वर्ष निघून जातें. तिसऱ्यानें आईचें तोंड बंद होतें. आणि ज्याच्याविषयीं हें सर्व चाललेलें असतें तें मूल कोपऱ्यांत बसून बाटल्यांचीं झांकणें एका ओळींत मांडीत असतें.

उशिरां बोलणारीं सगळींच मुलें स्वमग्न नसतात, हें प्रथमच सांगून टाकलेलें बरें. पुष्कळ मुलें उशिरां बोलतात आणि पुढें निर्दोष बोलतात. पाहावयाचें असतें तें वाणीच्या आधींचें बोलणें. वर्ष-सव्वा वर्षाचें मूल चंद्र दिसतांच बोट दाखवितें आणि लागलीच आईच्या तोंडाकडे पाहतें. त्याला चंद्र नको असतो. ‘तूंहि पाहा’ एवढेंच त्याला सांगावयाचें असतें. हा निःशब्द संवाद ज्या मुलांत उमटत नाहीं, किंवा उमटून मावळतो, त्याच्याकडे लक्ष द्यावयास हवें. वर्ष उलटलें तरी नांवानें हांक मारली असतां वळून न पाहणें; दीड वर्षानंतरहि बोट न दाखविणें; आलेले दहा-पांच शब्द नाहींसे होणें; गाडी न खेळतां तिचें चाकच तासन् तास फिरवीत बसणें; कुकरची शिटी होतांच कानांवर हात ठेवून किंचाळणें; ताटांतील दोन पदार्थांपलीकडे कशालाहि न शिवणें. यांतील एखादें लक्षण कोणत्याहि मुलांत आढळेल. अनेक एकत्र आढळलीं आणि टिकलीं, तर मात्र आजीच्या मताला बाजूस सारावें. कांहीं मुलें बोलतात, पण आपण उच्चारलेलें वाक्य जसेंच्या तसें परत देतात. तहान लागली कीं मूल ‘पाणी दे’ न म्हणतां ‘तुला पाणी हवें का?’ असें म्हणतें, कारण पाण्याशीं निगडित असें तेंच वाक्य त्यानें ऐकलेलें असतें.

मुलींच्या बाबतींत गोष्ट अधिक नाजूक आहे. निदान झालेल्यांत साधारण तीन मुलग्यांमागें एक मुलगी असें प्रमाण दिसतें. परंतु मुलींतील लक्षणें नजरेआड राहतात, असेंहि अभ्यासकांना आढळलें आहे. आपल्या घरांत तर जी मुलगी कोणाच्या अध्यांत मध्यांत नसते, पाहुण्यांसमोर येत नाहीं आणि एकटीच तासभर मणी ओवीत बसते, तिला शहाणी म्हणून नांवाजण्याची चाल आहे.

आतां या शब्दाविषयीं थोडेंसें. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलर यानें १९११ सालीं, निराळ्या एका आजाराच्या वर्णनांत, ग्रीक ‘स्वतः’वाचक शब्दावरून ‘ऑटिझम’ हें नांव योजिलें. मराठींत त्यास स्वमग्नता म्हणतात. मग्न म्हणजे बुडालेला. मस्ज् या धातूचें तें रूप. त्यामुळें ऐकणाऱ्याच्या मनांत एखाद्या समाधिस्थ योग्याचें चित्र उभें राहतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. यांतील कितीतरी मुलांना माणसांची ओढ असते. माणसांपर्यंत जाण्याची वाट मात्र त्यांना आपल्याप्रमाणें आपोआप सांपडत नाहीं. शब्द रूढ झाला आहे, तो बदलावा असा आमचा आग्रह नाहीं. व्युत्पत्तीवरून मुलाची पारख करूं नये इतकेंच.

आज ज्या स्थितीस आपण हें नांव देतों, तिचें वर्णन मॉस्को येथील सुखारेवा या विदुषीनें १९२५ सालींच केलें होतें. परंतु जगाचें लक्ष वेधलें तें १९४३ सालीं, बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यानें अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली तेव्हां. ही स्थिति जन्मजात असावी असें त्यानें लिहिलें; पण याच लेखांत आईबापांच्या थंड, कोरड्या स्वभावाचाहि उल्लेख केला. पुढें लोकांनीं पहिलें विधान विसरून दुसरें उचललें. शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम या नामांकित पंडितानें तर या मतावर १९६७ सालीं मोठा ग्रंथच लिहिला, आणि अमेरिकेंतील हजारों मातांच्या माथीं तो डाग लागला. म्हणजे शेजारच्या काकूंचें मत कांहीं अगदींच अडाणी नव्हे. तें एके काळीं विद्यापीठांतहि नांदत होतें! तें ज्यानें मोडून काढण्यास आरंभ केला तो बर्नार्ड रिमलंड स्वतः अशा एका मुलाचा बाप होता. त्याचा ग्रंथ १९६४ चा. पुढें १९७७ सालीं सूसन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनीं जुळ्या भावंडांच्या २१ जोड्या तपासल्या. एकरूप जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकीं ४ जोड्यांत दोन्ही भावंडें स्वमग्न निघालीं. भिन्नरूप जुळ्यांच्या १० जोड्यांत अशी एकहि नव्हती. एकाच आईच्या हाताखालीं वाढणाऱ्या जुळ्यांत हा फरक पडला, तेव्हां मूळ कोठें शोधावयाचें तें उघड झालें. मोबाइलचेंहि तसेंच. लहान मुलाच्या हातीं तो नसावा हें खरें, कारण जितका वेळ पडद्याकडे जातो तितका बोलण्या-खेळण्यांतून वजा होतो; पण त्यानें स्वमग्नता उपजते असें सिद्ध झालेलें नाहीं.

लशीसंबंधींचा प्रवाद याहून घातक ठरला. १९९८ सालीं इंग्लंडांतील वेकफील्ड नामक डॉक्टरानें अवघ्या १२ मुलांच्या आधारें गोवराच्या लशीकडे बोट दाखविलें. २०१० सालीं त्या नियतकालिकानें तो लेख रद्द केला, आणि त्याच वर्षीं त्याचें नांव वैद्यकाच्या नोंदवहींतून कमी झालें. डेन्मार्कमध्यें ६,५७,४६१ मुलांचा माग ठेवून २०१९ सालीं जो निष्कर्ष निघाला, त्यांत लस आणि स्वमग्नता यांचा कांहीं संबंध आढळला नाहीं.

निदान कसें होतें? रक्ताच्या एखाद्या तपासणीनें तें होत नाहीं. डोक्याच्या छायाचित्रानेंहि नाहीं. मुलाला पाहून, त्याच्याशीं खेळून, आणि घरच्यांना खोदून खोदून विचारून तें करावें लागतें. त्याआधीं कानांची तपासणी अवश्य करावी, कारण हांकेला ओ न देणारें मूल बहिरेंहि असूं शकेल. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनें आपल्या देशाकरितां एक मापपट्टी तयार केली असून, २०१६ सालीं केंद्र सरकारनें ती प्रमाणपत्रासाठीं ग्राह्य ठरविली. तींत ४० बाबी आहेत. प्रत्येकीस १ ते ५ गुण. ७० च्या खालीं बेरीज आली तर स्वमग्नता नाहीं. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढें तीव्र. जेथें गुण जितके अधिक तितकी काळजी अधिक, अशी ही परीक्षा शिक्षकाला चमत्कारिक वाटते खरी! यांतील पुष्कळशा प्रश्नांचीं उत्तरें घरच्या मंडळींपाशींच असतात. म्हणून तपासणीस जातांना आईनें एकटीनें जाऊं नये. दिवसभर मूल ज्यांच्यापाशीं असतें ती आजी किंवा आत्याहि बरोबर असावी, आणि घरांतील वावराचें लहानसें चित्रण मोबाइलवर नेलें तर तें फार उपयोगीं पडतें.

वाशीम हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून निराळा झालेला लहान जिल्हा. येथील पालकांना पूर्वीं अशा तपासणीसाठीं अकोला नाहीं तर नागपूर धरावें लागे. २०२४ सालीं वाशीमलाच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. यापूर्वींच, ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशांतील आरंभ आपल्या महाराष्ट्रांत पालघर येथें झाला होता. त्या कार्यक्रमाचीं फिरतीं पथकें अंगणवाडींतील मुलें वर्षांतून दोनदां आणि शाळेंतील मुलें एकदां तपासतात. वाढीतील विलंब व स्वमग्नतेचीं लक्षणें पाहणें हें त्यांच्या कामांतच मोडतें. परंतु सुशिक्षित घरांतील मुलें अंगणवाडींत जात नाहींत, आणि खासगी बालवाडी नांवाची जी संस्था आहे ती फी देणाऱ्या पालकाचें मन मोडण्यास धजत नाहीं. मग गरिबाच्या मुलाकडे निदान पथक तरी पाहतें. आपलें मूल मात्र कोणीच पाहत नाहीं.

निदान झालें, पुढें काय? मोठ्या शहरांबाहेर या कामांतील तज्ज्ञ विरळा. रिसोड-मानोऱ्याच्या आईनें आठवड्यांतून दोनदां नागपूर गांठावें ही अपेक्षाच व्यर्थ. हीच अडचण समोर ठेवून गोव्यांत जो प्रयोग झाला तो म्हणूनच आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. १९९६ सालीं स्थापन झालेली ‘संगथ’ ही तेथील संस्था. तिनें गोव्यांत, आणि त्याच वेळीं दुसऱ्या एका संस्थेनें पाकिस्तानांतील रावळपिंडींत, २ ते ९ वर्षांच्या एकूण ६५ स्वमग्न मुलांना चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें दोन गटांत विभागलें. एका गटास नेहमींचे उपचार. दुसऱ्यास त्यांच्या जोडीला सहा महिन्यांत बारा बैठकी. या बैठकी डॉक्टरांनीं घेतल्या नाहींत; या कामाकरितां तयार केलेल्या साध्या कार्यकर्त्यांनीं घेतल्या. मूळ पद्धति इंग्लंडांतील, ती आपल्या परिस्थितीस जुळवून घेतलेली.

पद्धति पाहिली तर विलक्षण साधी आहे. आई व मूल कांहीं मिनिटें खेळतात, त्याचें चित्रण होतें, आणि मग कार्यकर्ती आईला तें दाखविते. चुकलें कोठें हें ती दाखवीत नाहीं. मुलानें क्षणभर आईकडे पाहिलें, किंवा हातांतील वस्तु तिच्याकडे किंचित् पुढें केली, तो क्षण थांबवून दाखविते. असे क्षण येऊन जातात आणि आपल्या ध्यानींहि येत नाहींत. मूल झांकणें मांडीत असतें. आपण त्याच्यासमोर चेंडू नाचवितों. आपण विचारतों, ‘हा रंग कोणता? हीं किती? सांग पाहूं!’ प्रश्न विचारणें हें शिक्षकाच्या तर हाडींमांसीं खिळलेलें असतें, आणि एकत्र कुटुंबांत प्रत्येक वडीलधारें माणूस हें एक शिक्षकच. या पद्धतींत प्रश्न बाजूस ठेवावयाचे. मुलाशेजारीं खालीं बसून एक झांकण आपणहि ओळींत ठेवावयाचें, ‘निळें झांकण’ एवढेंच म्हणावयाचें, आणि थांबावयाचें. हें थांबणें फार कठीण असतें. भरल्या घरांत मुलानें पाण्याच्या माठाकडे नुसतें पाहिलें कीं चार हात पेला घेऊन पुढें येतात. मागण्याची गरजच न उरल्यावर मूल मागणें शिकणार कसें?

२०१६ सालीं ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मध्यें या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिकवण मिळालेले पालक मुलाच्या कलानें बोलूं लागले, हा बदल पुष्कळच मोठा होता. मुलेंहि आपण होऊन आईबापांशीं संवाद अधिक वेळां सुरू करूं लागलीं. दोघांनीं मिळून एकाच गोष्टींत रमण्याचा वेळ मात्र वाढला नाहीं, उलट घटला. संशोधकांनीं तेंहि स्पष्टपणें मांडलें. ६५ ही संख्या लहान, आणि सहा महिन्यांचा काळ थोडा. पण मूळ इंग्रज प्रयोग १५२ मुलांवर झालेला होता, आणि त्यांतील १२१ मुलांना सुमारें सहा वर्षांनीं पुन्हां पाहिलें तेव्हां शिकवण मिळालेल्या पालकांच्या मुलांत लक्षणांची तीव्रता कमी आढळली. स्वमग्नता गेली नव्हती, आणि ती घालविण्याचें वचनहि कोणी दिलेलें नव्हतें.

वचन देणारे निराळे असतात. मूलपेशी टोंचून मूल बरें करूं म्हणणारीं दुकानें मोठ्या शहरांतून उघडलीं, आणि त्यांच्या पायीं सोयाबीनची जमीन गहाण टाकण्यापर्यंत पालक गेले, तर नवल नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०१७ च्या आपल्या नियमांत रक्ताचे कांहीं आजार वगळतां असा उपचार नियमित चिकित्सा म्हणून देण्यास मनाई केली आहे. शरीरांतील धातु बाहेर काढण्याच्या उपचारानें २००५ सालीं अमेरिकेंत पांच वर्षांचा एक मुलगा दगावला. याउलट चित्रांच्या पत्त्यांनीं मागण्यास शिकविण्याचा बिनखर्ची उपाय ‘मग तें बोलणारच नाहीं’ या भीतीनें टाळला जातो. अभ्यास सांगतात कीं, अशा साधनांनीं बोलणें अडत नाहीं. कांहींचें तर वाढतें.

हें सगळें एखाददुसऱ्या घरापुरतें नव्हे. उत्तर गोव्यासह देशांतील पांच ठिकाणीं २ ते ९ वर्षांचीं ३,९६४ मुलें तपासून २०१८ सालीं जे आंकडे निघाले, त्यांवरून शंभरांत सुमारें एक मूल स्वमग्न असतें. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मोठ्या शाळेंत अशीं दहा-बारा मुलें असावयास हवींत. तीं कोठें आहेत? कांहीं मागील बांकावर ‘विक्षिप्त’ म्हणून बसलेलीं आहेत, कांहीं घरांत आहेत. मोठ्या बहिणीचें लग्न ठरावयाचें म्हणून पाहुणे आले कीं मागच्या खोलींत नेऊन ठेवलेलीं मुलें या समाजानें पाहिलेलीं आहेत. लपविल्यानें वराकडील मंडळी फसतील, पण धाकट्या भावंडाची काळजी राहून जाईल. एक मूल स्वमग्न असतां पुढील भावंडांत पांचांतून सुमारें एकास ही स्थिति आढळते. म्हणून त्याच्याकडे जन्मापासूनच डोळसपणें पाहावें लागतें.

आईबापांच्या मागें काय, हा प्रश्न एकत्र कुटुंबांत ‘भाऊ आहेत कीं!’ या तीन शब्दांत मिटविला जातो. भाऊ असतात, पण पुण्यास असतात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानें स्वमग्न व्यक्तींसाठीं न्यास निर्माण केला. त्याच्या ‘निरामय’ योजनेंत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत स्वमग्नतेचा नांवानिशीं समावेश असून, ४० टक्के वा अधिक दिव्यांगतेचें प्रमाणपत्र असलेल्या मुलास अठराव्या वर्षापर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. अठरा वर्षें पूर्ण होतांच कायद्याच्या दृष्टीनें आईबापहि आपोआप पालक राहत नाहींत. ज्याला स्वतःचे व्यवहार पाहतां येत नाहींत, त्याच्यासाठीं पालक नेमण्याचा अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करावा लागतो. तींत जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधि आणि एक दिव्यांग व्यक्ति असे सभासद असतात. काका, मामा किंवा मोठी बहीण यांपैकीं पुढें कोण पाहणार, हें घरांत बसून, त्या माणसाच्या तोंडून होकार घेऊन, अर्जाच्या आधीं ठरवावें लागतें.